गौर कोणी आणायची

ग्वाल्हेरच्या फलाटावर पाय ठेवला आणि पहिलंच वाक्य मराठीत कानावर पडलं, "मावशी, बॅग इकडे द्या, तुम्हाला नाही जमणार उचलायला." समोर उन्हात रापलेली, पाठीला हॉकीची काठी अडकवलेली एक मुलगी उभी होती. मी नको म्हणायच्या आत बॅग तिच्या खांद्यावर गेली. तिच्या मागे थोडं अंतर राखून दुसरी मुलगी उभी होती. घट्ट वेणी, पिन लावून टाचलेली ओढणी, हातात पाण्याची बाटली. तिने वाकून नमस्कार केला, "प्रवास नीट झाला ना?" एवढं विचारलं आणि तिचं बोलणं संपलं. बॅगवाली तेजू आणि बाटलीवाली रमा. मी सांगलीची, नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकटीने हिंडायला निघालेली बाई. मला ग्वाल्हेरचा किल्ला पाहायचा होता. मुलींकडे लक्ष द्यायचं काही कारण नव्हतं.

उतरले होते ती माझी कॉलेजातली मैत्रीण वसुधा हिच्या घरी, लष्करातल्या खासगी बाजारात. (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा जुना मराठी भाग. तिथे सैनिक शोधू नयेत, साड्यांची दुकानं सापडतील.) हे घर समजावून सांगायला जरा वेळ लागतो. वसुधाचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला. तिचे सासरे अण्णा यांनी वर्षभर दुःख केलं आणि मग स्वतःच सुनेसाठी स्थळ शोधायला लागले. सापडले दिलीपराव, ग्वाल्हेरातल्याच थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई आणि धाकट्या भावाबरोबर राहणारे, बायको वारलेली, पदरात एक मुलगी. लग्न झालं. पण वसुधा अण्णांना एकटं सोडून जायला तयार नव्हती, म्हणून दिलीपरावच मुलीला घेऊन इकडे राहायला आले. म्हणजे सासरे पहिल्या नवऱ्याचे, नवरा दुसरा, रमा पहिल्या लग्नाची आणि तेजू दिलीपरावांची. शेजाऱ्यांना अजून हे नातं धड जुळवता येत नाही. अण्णा म्हणतात, "माझ्या घरात सून आहे, जावई आहे, दोन नाती आहेत. यात न समजण्यासारखं काय आहे?"

मुलींच्या खोलीत माझी झोपायची सोय होती. रमाच्या पुस्तकांना तपकिरी कव्हरं, त्यांवर सुवाच्य अक्षरात विषय. तेजूचे मोजे खिडकीच्या गजावर. रमाचे आजोबा अण्णा पुजारी घराण्यातले, तेजूचे पणजोबा फौजेतले, आणि दोघींकडे पाहून ते सहज पटत होतं. रमा हळू आणि नेमकं मराठी बोले. तेजूचं वाक्य मराठीत सुरू होई आणि हिंदीत जाऊन थांबे. भांडण नव्हतं. खरं सांगायचं तर भांडायला लागते तेवढी जवळीकच मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपरावांनी बाहेरून बेडई आणली. (उडदाची डाळ भरलेली टम्म पुरी, सोबत बटाट्याची झणझणीत भाजी.) मी दोन खाऊन थांबले तर अण्णा म्हणाले, "ग्वाल्हेरला येऊन दोन बेडया? सांगलीत काय सांगाल?" तिसरी खाल्ली आणि किल्ला चढताना तिची फळं भोगली. भादव्यातलं ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही, अंगाला कपडे चिकटलेले. कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती मात्र खरोखर भव्य आहेत, माणसाला गप्प करतात. वर मानसिंहाच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशीची बदकं एका ओळीत चालली आहेत. इतक्या गंभीर किल्ल्यावर बदकं काढावीशी वाटणारा राजा मला आवडला. सास-बहू मंदिरापाशी गाइड सासू-सुनेची गोष्ट रंगवून सांगू लागला तेव्हा वसुधा म्हणाली, "सासरा-सुनेचं देऊळ कोणी बांधलं नाही. आमचे अण्णा त्यात बसले असते."

तिथेच माझ्या चपलेचा पट्टा तुटला. तेजूने खिशातून हॉकीच्या काठीला गुंडाळायची टेप काढली आणि पायरीवर बसून पट्टा असा बांधला की चप्पल नव्यापेक्षा घट्ट झाली. वसुधा आणि रमा पुढे गेल्या होत्या. मी विचारलं, "रमाला पण शिकवलंस का हे?"

"ती कशाला शिकेल, मावशी? आणि आता टाइम पण नाही. गौरी झाल्या की मी थाटीपुरला जाते आहे, आक्काकडे. हमेशा के लिए." आक्का म्हणजे तिची आजी, दिलीपरावांची आई.

"का गं? इथे कोणी काही बोललं?"

"नाही ना, तेच तर." ती टेपचं टोक दाताने तोडत म्हणाली. "रमाला सगळे ओरडतात. मला कोणीच नाही ओरडत. मेहमान को कौन डाँटता है?"

ती हे रडून नाही, हवामान सांगावं तसं म्हणाली. मला वाईट वाटलं. पण मी चार दिवसांची पाहुणी, मी काय बोलणार? संध्याकाळी वसुधाने डोळे पुसत तेच सांगितलं. दिलीपरावांनी निर्णय मुलीवर सोडला होता, अण्णा काही बोलत नव्हते आणि रमाला कोणी विचारलंच नव्हतं.

गौरी आणायच्या दिवशी सकाळीच आक्का थाटीपुरहून रिक्षा करून आल्या. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज. येतानाच एक रिकामी मोठी पिशवी आणली होती, तेजूचे कपडे भरायला. अण्णांच्या घरी खड्यांच्या गौरी असतात. घरातल्या मुलीने पाण्याकाठचे खडे तांब्याच्या ताम्हनात घेऊन यायचे. वाटेत एक शब्द बोलायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. पूर्वी नदीवरून आणत, पण नदीचा आता नाला झाला आहे, म्हणून माधवगंजातल्या एका देवळाच्या विहिरीवर जातात. दरवर्षी गौर रमा आणते. तेजूला दोन वर्षांपासून मागून घंटा वाजवायचं काम दिलं होतं. बोलायला बंदी नसलेलं एवढं एकच काम होतं, असं वसुधा म्हणाली.

आम्ही चौघी निघालो. पुढे रमा, समोर नजर, ओठ मिटलेले. मागे तेजू, दणकून घंटा वाजवत. रिक्षावाले बाजूला होत होते, एका हलवायाने हात जोडले. खासगी बाजाराच्या तोंडाशी बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर वसुधाच्या ओळखीच्या एक काकू बसल्या होत्या. त्यांनी प्रेमानेच हाक मारली, "वसुधा, घंटा वाजवायला ही थाटीपुरवालीच का गं? घरची कोणी नव्हती?"

घंटा थांबली. तेजूने मान खाली घातली आणि घंटा वसुधाच्या हातात द्यायला पुढे केली.

आणि रमा वळली. ताम्हन छातीशी धरून सरळ मागे वळली, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ही माझी बहीण आहे. घरचीच आहे." मग तेजूकडे, "रुकी क्यों? बजा ना!"

दोन्ही नियम एका दमात मोडले. काकूंनी तोंडाला पदर लावला. वसुधाने घाबरून अण्णांना फोन लावला. अण्णांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "खडे परत विहिरीवर न्या. जी बोलली तिला आता गौर आणता येत नाही, दुसरीने आणायची. आणि जी आणेल तिनेच पुढे लग्न होईपर्यंत आणायची. आमच्याकडे असंच आहे."

"पण अण्णा, तेजू तर जाणार..."

"मी फक्त नियम सांगितला," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

"मी?" तेजू म्हणाली. "मी तर एक मिनट चूप नाही राहू शकत!" पण विहिरीवर तिने खडे धुतले, ताम्हनात मांडले आणि ओठ आवळले. रमाला घंटा वाजवता येत नव्हती. ती एखादा पेशंट तपासावा तशी हलकेच टणटण करत होती. सबंध रस्ता तेजू एक अक्षर बोलली नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

दारात पाय धुवायला आक्का तांब्या घेऊन उभ्या होत्या. "अगं, तू कशी?" तेजू गप्प. वसुधाने भराभर सगळं सांगितलं. आक्का अण्णांकडे वळल्या, "म्हणजे दर वरसाला हिला यावं लागणार?"

"यावं नाही, असावं लागणार," अण्णा म्हणाले. "गौर घरातल्या मुलीने आणायची असते. बाहेरून येऊन नाही."

नात आपल्याकडे यावी ही आक्कांचीही आस होती, ती चेहऱ्यावर दिसली. मग त्या खाली बसल्या आणि तेजूच्या पायावर पाणी घालत म्हणाल्या, "नीट उभी राहा. देव हातात आहे."

खडे पाटावर ठेवले आणि तेजूला बोलायची परवानगी मिळाली. ती आक्कांच्या गळ्यात पडली. "आक्का, मी संडेला येईन, मटण खायला. राहायला नाही. चलेगा?"

"न चालून काय करते?" आक्का म्हणाल्या. रिकामी पिशवी त्यांनी घडी करून कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी तेजूने नैवेद्याच्या पुरणपोळीला देवाआधी बोट लावलं. अण्णा गरजले, "कार्टे, अक्कल कुठे ठेवलीस?" पानं वाढणारी वसुधा जागीच थांबली. तेजू मात्र असं हसली की अण्णांना पुढचं ओरडणं जमेना.

निघायच्या दिवशी दोघी स्टेशनवर आल्या. तेजू माझ्यासाठी कचोऱ्या आणायला पळाली. मी रमाला म्हटलं, "त्या काकूंनी भलत्या वेळी विचारलं. तोंडून निघून गेलं ना तुझ्या?"

रमाने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "पाचवीत असल्यापासून गौर आणते मी, मावशी. एका वर्षी वाटेत हाताला मधमाशी चावली होती, तरी बोलले नव्हते."

"मग या वेळी?"

"पुढचा नियम मला माहीत होता."

तेवढ्यात कचोऱ्या आल्या. तेजूने चटणी रमाच्या ओढणीवर सांडली, रमा तिच्यावर ओरडली, तेजू उलट ओरडली आणि त्या गोंगाटात माझी गाडी हलली.

सांगलीत लोक किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला सुंदर आहे, जरूर पाहा. मला एक सख्खी बहीण आहे. तिला घरात ठेवून घ्यायला मी देवाच्या कामात जाणूनबुजून चूक केली असती का, हे मी परतीच्या प्रवासात पार भुसावळपर्यंत स्वतःला विचारत होते.