मागचं दार

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला नाव असणारच, पण ते पगाराच्या कागदावर. एरवी सगळी शाळा त्यांना हळूआबा म्हणायची. पोरं चढायला लागली की "हळू, हळू", उतरायला लागली की "हळू रे बाबांनो", आणि समोरून सायकल आली तर काचेआडून तिलाही "हळू गं बाई". गाडीही तशीच चालवायचे. गतिरोधकावरून त्यांची बस अशी जायची, की मागच्या बाकावर पेंगणारं पोर जागं होऊ नये. मागचे ट्रकवाले हॉर्न बडवून बडवून मेटाकुटीला यायचे आणि शिव्या देत पुढे निघून जायचे. आबा आरशात बघून म्हणायचे, "जा बाबा, तुला घाई आहे. माझ्या गाडीत काचसामान आहे."

त्या काचसामानात त्यांची स्वतःची नातही होती, लेकीची मुलगी. लहानपणी घास गिळायची नाही, गालात साठवून ठेवायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. ती बोबडं बोलत होती तेव्हाच लेक आणि जावई लांबच्या शहरात कामाला गेले. जाताना लेक म्हणाली होती, "बाबा, खोली मिळाली की नेतोच हिला." आधी खोली मिळाली नाही. मग मिळाली, पण दोघं दिवसभर बाहेर, पोरीकडे बघणार कोण? मग बघणारी बाई मिळाली, तर शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं. असं करत करत खारू आबांच्या खांद्याला लागली. आजी होती तोवर वेण्या आजी घालायची. आजी गेल्यावर ते काम आबांवर आलं. सकाळी बस सुरू करण्याआधी खारू बसच्या पायरीवर बसायची आणि आबा वरच्या पायरीवर बसून, कंगवा दातात धरून, वेण्या घालायचे. उजवी नेहमी घट्ट, डावी सैल. पहिल्या थांब्यावर चढणाऱ्या मुली खिदळायच्या, "खारू, तुझी डावी वेणी वळणावर आहे गं!"

"असू दे," आबा म्हणायचे. "वळणावर हळूच असावं."

आईशी खारूचं बोलणं फोनवर व्हायचं. जेवलीस का, अभ्यास केलास का, आबांना त्रास देऊ नकोस, एवढंच. एकदा बसमध्ये वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "तुझी आई कुठे असते गं?" तर ही म्हणाली, "फोनमध्ये." आबांनी ते आरशात बघत ऐकलं. त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन लेकीला स्वतः फोन लावला, पण हे काही तिला सांगितलं नाही. इकडे हवा बरी आहे, एवढंच बोलले.

आता यंदा खारूचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुढचं शिक्षण आईवडिलांकडे राहून करायचं ठरलं होतं. ठरवलं मोठ्यांनी. खारू 'हो' म्हणाली, पण त्या 'हो'त जीव नव्हता. आबांनाही दिसत होतं. पण त्यांना आणखीही एक दिसत होतं, किंवा खरं तर दिसत नव्हतं. संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे पडले की रस्ता दुधासारखा पांढरा व्हायचा. पुढच्या वर्षी परवान्याचा डॉक्टर काय म्हणणार, हे त्यांना डॉक्टरआधी कळलं होतं. दोन खोल्यांत एक म्हातारा आणि एक कॉलेजची मुलगी, आणि म्हाताऱ्याला ना दिसतंय ना कमाई. पोरीनं आपली काठी होऊन बसावं, हे त्यांना नको होतं.

तरी एका गोष्टीची ते वर्षभर वाट बघत होते. निरोप समारंभाची.

त्या समारंभात आबांची एक जागा होती. शाळेच्या हॉलला मागच्या अंगाला एक दार आहे, ते बस उभी राहते त्या अंगणात उघडतं. दर वर्षी आबा बस लावायचे, हात पुसायचे, चपला बाहेर काढायचे आणि त्या दारात जाऊन उभे राहायचे. त्यांच्या बसमधलं पोर स्टेजवर गेलं, प्रमाणपत्र हातात पडलं, की ते मागच्या दाराकडे बघून हात आडवा धरायचं. बस थांबवायला धरतात तसा. आणि दारातले आबा पाय जमिनीवर दाबून तोंडानं ब्रेकचा आवाज काढायचे, "फुस्स!" सगळा हॉल हसायचा. मोठ्या बाई डोळे वटारायच्या, पण हसू त्यांच्याही ओठात. हे कधी सुरू झालं आणि कुणी केलं, कुणालाच आठवत नव्हतं. बसमध्ये पहिलीतलं पोर चढलं की त्याला आधी हेच कळायचं, की शेवटी आबांना हात करायचा असतो. खारू तर पहिल्या वर्षापासून त्या हाताची तालीम करत होती. न्हाणीघराच्या दारात उभी राहून हात करायची, आणि आबा ओट्यापाशी ब्रेक दाबायचे.

समारंभाच्या थोडे दिवस आधी लेक आणि जावई आले. जावयांनी मुश्किलीनं रजा काढली होती. त्याच संध्याकाळी खारूनं शाळेतून आणलेले पास चटईवर ठेवले. पास दोनच होते.

"सरकारचा नवा नियम आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी कुठल्याशा शाळेत एवढी गर्दी झाली की गॅलरीचा कठडा तुटला, मुलं पडली. म्हणून आता दर मुलामागे दोनच माणसं. भारी कपडे नकोत, भेटी नकोत, बाहेर कर्णे नकोत. बाईंनी वाचून दाखवलं." मग तिनं एक पास उचलून आबांच्या मांडीवर ठेवला. "हा आबाचा." दुसरा हातात धरून आईकडे आणि बाबांकडे बघत राहिली. "आणि हा... तुमच्यातलं कोण येणार?"

जावयांनी घसा खाकरला. लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

आबांनी पास परत चटईवर ठेवला. "मला पास कशाला गं? मी काय पाहुणा आहे? मागचं दार माझंच आहे की. हे दोघं बसतील खुर्चीवर, मी उभा राहीन माझ्या जागेवर."

"नक्की?"

"आजवर कधी चुकलोय?"

खारूचा चेहरा उजळला. "मग ठरलं. मी हात करणार. आणि जोरात दाबायचास ब्रेक, असला नेहमीचा पुचाट नको!"

जावई हसले. लेक हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं." आबांनी वर बघितलं. तिनं बशीत सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "साखर जास्त पडली का?"

"बरोबर आहे साखर," आबा म्हणाले.

समारंभाच्या दिवशी खारू बसनं आली नाही. जावयांनी टॅक्सी सांगितली होती. वेण्याही नव्हत्या. आईनं केस मोकळे सोडून दोन्ही बाजूंना चाप लावून दिले होते. आबा कंगवा घेऊन पायरीपर्यंत आले होते; तसाच तो खिशात टाकला. "छान दिसतंय," म्हणाले, आणि खरंच छान दिसत होतं.

इतर पोरांना घेऊन ते शाळेत पोचले. बस अंगणात लावली. आदल्या दिवशी धुऊन इस्त्री केलेला शर्ट ड्रायव्हरच्या सीटमागे टांगला होता, तो चढवला. हात पुसले. दाराशी आले, तर दार लोटलेलं, आणि दारासमोर स्टूल टाकून वॉचमन बसलेला. दोघांचा रोजचा चहा एकत्र. पण आज वॉचमननं नजर दिली नाही.

"सरक की," आबा म्हणाले. "का आज तिकीट लावलंय?"

"आबा, आज नाही."

"म्हणजे?"

"नियम आलेत. आत फक्त पासवाले. हे दार आणीबाणीचं, इथे कुणी उभं राहायचं नाही, वाट मोकळी पाहिजे. आणि तुमच्यासाठी तर वेगळं कलमच आहे. गाडीच्या ड्रायव्हरनं कार्यक्रम संपेपर्यंत गाडीजवळच थांबायचं. वरून साहेब आलेत तपासायला, पहिल्या रांगेत बसलेत."

"मी आत पाऊल टाकत नाही. दार हातभर उघडं ठेव, मी बाहेरून बघतो. माझी नात आहे आज."

"मला माहीत नाही का?" वॉचमन काकुळतीला आला. "पण माझ्या पोटावर पाय आणू नका, आबा. आणि आता ऐन वेळी काय सांगताय? हे सगळं पालकांना मोबाईलवर कधीच पाठवलंय. तुमच्या लेकीनं काल मला गेटवर विचारलंसुद्धा, ड्रायव्हर लोकांना मागून सोडणार का म्हणून. मी म्हटलं, यंदा नाही. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

आबांच्या खिशात जुना बटणांचा फोन होता. त्यावर असलं काही येत नसे. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण मारलं कुणी तेच कळेना.

"सांगितलं असेल," ते म्हणाले. "माझंच लक्ष नसेल."

ते बसमध्ये येऊन बसले. त्या दिवशीच्या सकाळच्या चहाची चव आता जिभेवर आली. लेकीला खुर्ची हवी होती, एवढंच. आईच्या जागी एकदा तरी बसावं, पोरीनं स्टेजवरून आपल्याकडे बघावं, असं तिला वाटलं तर चुकलं काय? मागितली असती तर त्यांनी दिलीच असती. दिलीच होती. पण मग खारूला आधीच सांगता आलं असतं, की बाई, यंदा दारात कुणी नाही, हात करू नकोस. तेवढं राहिलं.

बाहेर कर्णे नव्हते. हॉलमधून नुसत्या टाळ्या यायच्या. एक लाट, मग शांत, मग दुसरी लाट. प्रत्येक लाटेला आबा मान वर करायचे. बाहेरून सगळ्या पोरांच्या टाळ्या सारख्याच वाटतात. त्यातली आपली कुठली, हे काही कळत नाही. मध्येच एकदा टाळ्यांऐवजी हशा आला. थोडा मोठा, आणि मग एकदम तुटल्यासारखा बंद. आबांचा पाय ब्रेकवर गेला. त्यांनी तो दाबला, आणि बराच वेळ दाबून धरला.

कार्यक्रम संपल्यावर खारू अंगणात आली ती जवळजवळ धावतच. हातात प्रमाणपत्राची गुंडाळी. मागून लेक घाईघाईनं. जावई गेटबाहेर टॅक्सीपाशी सामान लावत होते. तिघं इथूनच निघणार होते.

"तू दारात नव्हतास," खारू म्हणाली.

आबा सीटवरून खाली उतरले.

"मी हात केला. सगळ्यांसमोर. आणि दार बंद! लोक हसले, आबा. मी किती वेळ हात तसाच धरला होता, माहितेय? बाई म्हणाल्या, चल खाली." तिला रडू फुटलं. "कुठे होतास? तुला कुणी सोडलं नाही का? कुणी अडवलं? सांग मला. अडवलं असेल तर मी जाणारच नाही कुठे. ह्यांच्याबरोबर पण नाही. मी इथेच राहते."

मागे लेक उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तिला कळलं होतं, की आबांना कळलंय. ती आबांकडे नुसती बघत राहिली, लहानपणी हातून कप फुटल्यावर बघायची तशी.

आबांनी फक्त खरं बोलायचा अवकाश होता. कुणाला दोष द्यायची गरज नव्हती; वॉचमन म्हणाला तेवढंच म्हणायचं. खारू शब्दाची पक्की, ती टॅक्सीत बसली नसती. उद्या सकाळी पायरीवर येऊन बसली असती, पाठमोरी, केस मोकळे सोडून. आबांचा हात खिशातल्या कंगव्यावर गेला. आणि ह्या मायलेकी? फोनवरचं जेवलीस का, अभ्यास केलास का, तेही संपलं असतं.

"डोळा लागला गं माझा," आबा म्हणाले.

"काय?"

"ऊन होतं. जरा टेकलो सीटवर, आणि लागला डोळा. जाग आली तर सगळे बाहेर पडत होते."

"तुझा डोळा लागला? गाडीत?" खारू त्यांच्याकडे अशी बघत होती, की जणू समोर कुणी अनोळखी माणूस उभा आहे. "आजच?"

"वय झालं, बाई."

तिनं विश्वास ठेवला. ठेवला नसता तर बरं, असं आबांना तेवढ्यातही वाटून गेलं. पण ठेवला. तिनं नाक पुसलं, गुंडाळी काखेत धरली आणि म्हणाली, "बरं. झोप मग." आणि वळून चालायला लागली. मोकळे केस पाठीवर हलत होते. गेटापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.

लेक अजून तिथेच होती. "बाबा, मी त्या सकाळीच सांगणार होते..."

"तिला पुढच्या सीटवर बसव," आबा म्हणाले. "मागे बसली की घाटात उलटी होते. आणि लगेच बोलायला जाऊ नकोस. रुसली की आधी चिडते, मग भूक लागते तिला. भूक लागली की बोल."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसे आबा बसच्या चाकांकडे वळले आणि हवा बघितल्यासारखं करत टायर दाबत राहिले. टॅक्सीचं दार वाजलं. टॅक्सी गेली. मग ते उठले.

पोरं चढली. आबांनी एकेका थांब्यावर एकेकाला उतरवलं. "हळू" म्हणाले का नाही, त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ऊन उतरलं होतं आणि समोरचे दिवे पांढरे पडायला लागले होते. शेवटचं पोर उतरल्यावर गाडी रोजच्या वळणानं त्यांच्या घराच्या कोपऱ्याला आली आणि थांबली. हातानं सवयीनं दार उघडलं. इथे रोज खारू उतरायची.

दार उघडंच होतं. पिशवी घेतलेला एक माणूस जवळ आला आणि आत डोकावून म्हणाला, "मामा, स्टेशनकडे जाते का ही?"

"नाही," आबा म्हणाले. "शाळेची आहे."

माणूस गेला. आबांनी दार लावून घेतलं.