काळ्या चष्म्यांचा बंदोबस्त

वडीलधाऱ्यांच्या सेवेत आमच्या घराण्याने कधी कसूर केलेली नाही. असे प्रत्येकच घराणे म्हणते आणि ऐकणारा मान डोलावतो, कारण ज्यांची सेवा झाली ते बहुधा साक्ष द्यायला उरलेले नसतात. आमची आत्या मात्र उरली. ती कशी उरली ते मी पाहिले आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची दिवाळी होती. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून मी नगरहून गावी आलो आणि त्याच एस.टी.ने बहुधा डोळ्यांची साथही कर्जत तालुक्यात आली. बघता बघता गावात पांढरे डोळे दुर्मीळ झाले. एरवी हे दुखणे आठवडाभराचे. डोळे चिकटतात, खुपतात, बरे होतात. पण आत्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढलेला होता. तालुक्याच्या शाळेत नेत्रशिबिर भरले होते, तिथे ते काम झाले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तसाच होता. म्हणजे एक डोळा पट्टीखाली आणि दुसऱ्याने उजेड-अंधार एवढाच फरक कळणारा. वडिलांची ही थोरली बहीण गावातच दिलेली. विधवा झाल्यावर आमच्याकडेच राहायची.

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "जखम ओली आहे. साथ या डोळ्याला लागली आणि आत पू झाला, तर डोळा गेला समजा." मग शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांनी खबरदारी सांगितली. थेंब घालणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, पट्टीचे कापड उकळून घ्यावे, तिचा टॉवेल दुसऱ्याने वापरू नये, आणि डोळे आलेल्या माणसाने तिच्या खोलीत पाऊल टाकू नये. संपले. इतकी साधी खबरदारी आमच्या घराला पटणे शक्य नव्हते. साबणाने हात धुण्यात कर्तबगारी दाखवायला जागा नसते, आणि काकांना जागा हवी होती.

काका वडिलांचे धाकटे भाऊ. सारी नोकरी अकोले तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले, तोवर आत्याची नजर गेलेली होती. आता हाताखाली कोणी उरले नाही, हीच त्यांची खरी व्याधी होती. साथ आल्यावर ते एकदम टवटवीत झाले.

"हे असं मोघम चालणार नाही," ते म्हणाले. "बंदोबस्त करावा लागेल."

काकांचे आणि गावाचेही मत असे होते की डोळे नजरेतून येतात. आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की आपलेही येतात. तेव्हा आत्याची आणि येणाऱ्याची नजरानजर होऊ द्यायची नाही.

"पण तिला दिसतच नाही," मी म्हणालो.

"तिला दिसत नसेल, समोरच्याला तर दिसतं ना? कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत नाहीत वाटतं."

शिकवत होते.

काका नगरला गेले आणि डझनभर काळे चष्मे घेऊन आले. ते ओसरीवरच्या खुंट्यांना ओळीने अडकवले. हुकूम निघाला की आत्याला भेटायला येणाऱ्याने खुंटीवरचा चष्मा चढवूनच आत जायचे आणि निघताना तो जागच्या जागी अडकवायचा. भेटायला येऊच नका, असा हुकूम काढणे त्यांना सुचले नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणे हे त्याला आजार देण्यापेक्षा वाईट दिसते.

चष्म्यांची बातमी फुटली आणि भेटायला येणारे दुप्पट झाले. ज्यांनी आत्याला वर्षानुवर्षे रामराम घातला नव्हता, त्यांना तिची काळजी वाटू लागली. चष्मा चढवून माणसे आधी ओसरीवरच्या आरशासमोर उभी राहत. एक बागायतदार तर दोनदा आला, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन.

"कसा दिसतो गं? सिनेमातल्यावानी?"

"रेड्यावर झूल टाकल्यावानी," ती म्हणाली. "सरका, मला बगू द्या आरशात."

लाल डोळ्याचा माणूस चष्मा घाली, आत जाई, बाहेर येऊन पाणावलेले डोळे पुसून तोच चष्मा खुंटीला लावी, आणि पुढचा माणूस तो ओला चष्मा काढून आपल्या नाकावर ठेवी. पंगतीत जशी उष्टी ताटे न धुता पुढच्याला वाढावीत, तसे. काका शेजारी खुर्ची टाकून कोणी विनाचष्मा जात नाही ना, एवढेच पाहत.

आत आणखी एक मौज होती. आत्याच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावलेली. त्या अंधारात काळा चष्मा घातलेल्या माणसाला काय दिसणार? माणसे हात पुढे करून चाचपडत येत, बाजेला अडखळत आणि आत्या सापडेपर्यंत चाचपत राहत.

"अक्का, कुटंशी हाय तुमी?"

"ह्ये माजं त्वांड हाय. काढ हात!" आत्या ओरडे. "आंधळी मी हाय का तुमी, मेल्यांनो?"

खुद्द काका एकदा तांब्याला ठेचकाळले आणि तोल सावरण्यासाठी त्यांनी तिच्या डोक्याचाच आधार घेतला. डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले होते.

व्हायचे ते झाले. घरात पहिल्यांदा काकांचेच डोळे आले. कोणीतरी आत जाऊन चोरून चष्मा काढला असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग वडिलांचे आले, मग आईचे. आत्याच्या डोळ्यात थेंब घालायचे काम माझ्याकडे होते. काकांनी मलाही चष्म्याची सक्ती केली होती, आणि एका सकाळी माझ्याही पापण्या चिकटलेल्या निघाल्या. आता घरात आत्याच्या जवळ जाण्याजोगा एकही हात उरला नाही. थेंब चुकवायचे नव्हते, पट्टी बदलायची होती, आणि ज्याने ते करावे तो डोळा घालवणार हे नक्की होते.

"मी घालतो," काका म्हणाले. "दोन चष्मे लावतो. एकावर एक."

आई त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी ती दारात आडवी उभी राहिली. "भाऊजी, आत पाय टाकलात तर मी माहेरी जाईन, आणि जाताना तुमचे चष्मे विहिरीत टाकून जाईन."

मग तिनेच नाव सुचवले. सगळ्या गावात ओसरीवरचा चष्मा न लावलेली एकच बाई होती, आत्याची धाकटी जाऊ. बांधावरच्या लिंबावरून दोघींचे वाकडे आलेले. लिंब आमच्या हद्दीतला असे दोघीही म्हणत. आत्याला दिसेनासे झाल्यावर जावेच्या नवऱ्याने तो तोडला होता. तेव्हापासून बोलणे बंद, जाणे-येणे बंद. ती मळ्यातल्या वस्तीवर राही आणि भेटायला आली नव्हती.

मी मळ्यात गेलो आणि लांब उभा राहून हाक मारली.

"जवळ येत नाही, डोळे आलेत माझे!"

"नगंच यिऊ. तुमच्या घरचं कुनी जवळ यावं आसं मला एरवीबी वाटत न्हाई."

मी सगळे ओरडून सांगितले. ती खुरपे हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजी डोळा जाईल तिचा?"

"जाईल."

"आन् मग लिंब तोडलाय त्यो तिला दिसायचा कसा?" ती म्हणाली. "तोडला म्हनलं तर खोटं बोलता म्हनली हुती. तोडायची छाती न्हाई म्हनली हुती. न्हाई न्हाई, डोळा ऱ्हायला पायजे. डोळ्यानं बगू दे तिला."

ती आली. आमच्या घरचे पाणी तिला वर्ज्य, म्हणून हात धुवायला स्वतःचा तांब्या आणि साबणाची वडी घेऊन आली. आमच्या टॉवेलला शिवायचे नव्हते, म्हणून आपल्या चुलीवर उकळलेली फडकी आणली. आमची तोंडे बघायची नव्हती, म्हणून खोलीतून आणि ओसरीवरून सगळ्यांना बाहेर काढले. डॉक्टरांनी जे प्रेमापोटी करायला सांगितले होते, ते सगळे तिने वैरापोटी केले, आणि त्यात तसूभर कमी ठेवले नाही. मला तिने अंगणात उभे केले, कारण बोलणे बंद असल्यामुळे मधे एक माणूस लागत होता.

"सांग तुज्या आत्याला, मान वर कर म्हनावं."

"सांग तिला, मान वरच हाय. खाली घालायची पाळी तिची."

"सांग, हालली तर थेंब कानात जाईल."

"सांग, कान शाबूत हायेत. बोंबलायचं कारन न्हाई."

मला काहीच सांगावे लागत नव्हते. मी फक्त उभा होतो.

रोज असे चालले, आणि डोळा वाचला. पट्टी उघडली, पुढे यथावकाश जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून आत्या पहिल्यांदा बांधावर गेली, लिंबाचे उरलेले खोड नीट पाहिले, आणि वस्तीकडे तोंड करून अशा शिव्या दिल्या की तिला दिसत असल्याबद्दल कोणाला शंका उरली नाही. वस्तीच्या दारात जाऊ कमरेवर हात ठेवून ऐकत होती. तिचे समाधान झालेले दिसले. त्या दिवसापासून मधल्या माणसाचीही गरज संपली. दोघी पूर्ववत गप्प झाल्या.

साथ तोवर ओसरली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळी काकांनी मारुतीच्या देवळात सभा भरवली. सरपंचांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि साथीच्या काळात वृद्धांची निगा कशी राखावी यावर काका बराच वेळ बोलले. त्यात चष्म्यांच्या खरेदीचा वृत्तान्त होता, नजरेचे शास्त्र होते आणि शिस्तीचे महत्त्व होते. आत्या पुढेच बसली होती. जाड भिंगांतून वक्त्याकडे निरखून पाहत ती आईला म्हणाली, "आवाज तर धाकट्याचा हाय. पर ह्यो टकल्या कोन?"

सगळ्या देवळाला ते ऐकू गेले. काकांनी तरीही भाषण आवरते घेतले नाही. घरातल्या ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्या सर्वांचे नाव घेऊन आभार मानले. जावेचे नाव त्यात नव्हते. सभेचे बोलावणेही तिला गेले नव्हते. आमचे तिच्याशी बोलणे नव्हते.