सुभानपुऱ्याचे केविन

बालमंदिरात नोकरी केली की रोज दोन गोष्टी अंगाला चिकटून घरी येतात. ओढणीला लागलेला गोंद आणि एखादा किस्सा. गोंद धुतला की निघतो. किस्से मात्र साठत जातात, कपाटात विसरलेल्या वॉटरबॅगा साठतात तसे. आता कुणी भेटलं की म्हणतं, "मंजू, तो केविनचा किस्सा सांग ना!" मी विचारते, "कुठल्या केविनचा?"

कारण नव्वदनंतर बडोद्यात काय काय आलं! केबल आली, गोत्रीच्या शेतांतून सोसायट्या आल्या, आणि आमच्या सुभानपुऱ्याच्या बालमंदिरात केविन आले. एकेक करत आले. त्यातला एक आमच्याच घरात येऊ घातला तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठी आपटून जाहीर केलं, "या घरात केविन येणार नाही!"

तिथपर्यंत पोचूच. आधी पहिला केविन.

*

आमच्या मोठ्या बाई विमलबेन. खादीची साडी, कडक इस्त्री. पहिल्यांदा 'केविन पटेल' असं नाव आलं तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "छोकरो ख्रिस्ती लागे छे. त्याला परकं वाटता कामा नये."

नाताळात त्यांनी कापूस चिकटवून झाड केलं. केविनला पुढे उभं केलं आणि प्रेमाने विचारलं, "बेटा, आज तुमच्या घरी काय म्हणतात ते सगळ्यांना म्हणून दाखव."

केविनने डोळे मिटले, हात जोडले आणि यमुनामहाराणीची आख्खी आरती म्हणून टाकली!

न्यायला आलेली त्याची आई तर घाबरलीच. "बेन, अमे तो हवेलीवाळा! पक्के वैष्णव! घरात कांदा-लसूणसुद्धा नाही!"

विमलबेननी आमच्या स्टाफमधल्या एकुलत्या एक ख्रिश्चन टीचरकडे, रोझीकडे, वळून पाहिलं. रोझी म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? माझ्या मुलाचं नाव राहुल आहे!"

*

मग हे नाव आलं कुठून? त्या आईनेच समजावलं. मुलाची रास मिथुन. अक्षरं क, छ, घ. बडोद्यात पेढे नंतर वाटतात, आधी अक्षर विचारतात. अक्षर कळलं की फोई, म्हणजे आत्या, नाव शोधायला बसते.

"क वर तर घरात सगळे होऊन गेले, बेन. कमलेश, कौशिक, किरीट. घ वर घनश्याम, ते माझे सासरे. छ वर काय ठेवू, छगन?"

रोझीने हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला.

"आणि हे नाव काही बाहेरचं नाही हां! आमचे कांतिकाका अमेरिकेत मोटेल चालवतात. त्यांना तिकडे सगळे केविनच म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्याचंच नाव ठेवलंय!"

*

तीन-चार वर्षांत एका वर्गात पाच केविन झाले. त्यातले चार पटेल, म्हणजे आडनावाचाही उपयोग नाही. सुटताना फाटकात "केविन!" अशी हाक मारली की निम्मी ओळ पळत सुटायची.

जिग्ना ही आमच्यातली सगळ्यात लहान टीचर. आणंदची, हसरी. तिने तोडगा काढला. डबा उघडायचा आणि नाव ठरवायचं. थेपला केविन, ढोकळा केविन, मॅगी केविन, खाखरा केविन आणि सँडविच केविन. आठवड्याभरात मुलं स्वतःसुद्धा तेच नाव सांगायला लागली.

एके दिवशी खाखरा केविनची आई तणतणत आली. "माझ्या मुलाला तुम्ही खाखरा म्हणता?"

जिग्नाने कान पकडले. "सॉरी बेन, आम्ही फक्त ओळखायला..."

"ते ठीक आहे. पण शेजारणीचा सँडविच आणि माझा खाखरा? सोसायटीत तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवसापासून डब्यात पिझ्झा! तोही घरी, भाखरीवर केलेला.

*

रसूलभाईंच्या रिक्षात आमची आठ-दहा मुलं कोंबलेली असायची. एकदा रसूलभाई आजारी पडले आणि त्यांचा भाऊ आला. त्याला पत्ते दिले, नावं दिली. त्याने ढोकळा केविनला मॅगी केविनच्या घरी उतरवलं आणि मॅगीला ढोकळ्याच्या.

ढोकळ्याच्या आईने मॅगीला बघताच शाळेला फोन लावला. मॅगीच्या घरी मात्र एकटी आजी होती, आणि तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर हिरवी पट्टी! मी आणि जिग्ना स्कूटरवर बसून गोत्रीला पोचलो. दार ढकललं तर ढोकळा केविन चटईवर गाढ झोपलेला आणि आजी त्याला थोपटत बसलेली.

सगळं ऐकल्यावर आजीने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "मला वाटलंच. आज भाजी खाल्ली, दूध प्यायला, एकदाही रडला नाही. बेन, हाच राहू द्या ना दोन दिवस!"

*

विमलबेनना एकदा हुक्की आली. 'माझ्या नावाचा अर्थ' असा कार्यक्रम ठेवायचा. अर्थ आईबाबांनी सांगायचा. थेपला केविनचे पप्पा म्हणाले, "कृष्णाचं नाव आहे." सँडविचचे पप्पा म्हणाले, "मोठा माणूस." ढोकळ्याच्या पप्पांनी मांडवीच्या फूटपाथवरून नावांचं पुस्तकच विकत आणलं होतं. त्यात नावापुढे छापलं होतं, 'केविन : अमेरिकन.'

शेवटी रोझीने तोंड उघडलं. ती आयरिश नन्सच्या शाळेत शिकलेली. "अमेरिकन नाही. हे आयर्लंडचं नाव आहे. फार जुनं. जन्मतःच गोड, चांगल्या घरात जन्मलेला, असा काहीसा अर्थ. तिकडून ते इंग्लंड-अमेरिकेत गेलं आणि मग पटेलांच्या हाती लागलं."

विमलबेनचा चेहरा आंबट झाला. "आयर्लंड म्हणजे इंग्रजच ना?"

"छे! आयर्लंडवाले इंग्रजांशी किती वर्षं भांडले! आपल्यासारखेच स्वातंत्र्यासाठी."

विमलबेननी खादीचा पदर सारखा केला. "एम? असं होय? मग काही हरकत नाही. पाडो नाम, ठेवा खुशाल!"

*

आता झाड केविन.

हा खरं तर थेपला केविन. फार अबोल पोरगा. पहिले कित्येक महिने तोंडातून शब्द नाही, नुसती जिग्नाची ओढणी धरून उभा. तिने भरवलं तर खायचा, नाहीतर डबा तसाच परत. गॅदरिंगमध्ये बोलायचं काम देणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याला झाड केलं. हिरवे कागद चिकटवले आणि जिग्नाने बजावलं, "दोन्ही हात असे पसरून उभं राहायचं. झाड हलत नाही हां, बेटा."

नाटक झालं, टाळ्या झाल्या, पडदा पडला. सगळी मुलं खाली धावली. थोड्या वेळाने त्याची आई शोधायला लागली. बाथरूम पाहिलं, रिक्षा पाहिल्या, मैदान पाहिलं. शेवटी जिग्नाने पडदा सरकवला तर हा आपला स्टेजच्या मधोमध, हात पसरून! हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी. पण हलला नव्हता.

"अरे, खाली का नाही आलास?"

त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला. "झाड चालतं?"

जिग्नाने त्याला उचलून घेतलं आणि स्वतःच रडायला लागली. त्या दोघांना तसं बघून रोझी म्हणाली, "हा खरा केविन!" आणि तिने स्टाफरूममध्ये नन्सकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. आयर्लंडमध्ये फार पूर्वी केविन नावाचा साधू होता. तळ्याकाठी लहानशा झोपडीत राहायचा. एकदा प्रार्थनेला बसताना त्याने हात खिडकीबाहेर पसरला, तर एक काळा पक्षी येऊन तळहातावर बसला. काडी काडी आणली, घरटं केलं, अंडं घातलं. आता हात हलवला तर अंडं पडणार! म्हणून पिल्लू बाहेर येऊन उडून जाईपर्यंत साधू तसाच राहिला, हात पसरून.

विमलबेननी डोळे पुसले. "आ तो जीवदया!"

जिग्ना झाडाचे हिरवे कागद गोळा करत राहिली. त्या वर्षी झाड केविन आईबाबांबरोबर कायमचा अमेरिकेला गेला तेव्हा ती मला म्हणाली, "मंजूबेन, मला मुलगा झाला ना, तर मी केविन नाव ठेवणार."

मी हसून म्हटलं, "ठेव की! मला काय!"

मला काय ठाऊक, की तिचा मुलगा माझाच भाचा होणार!

*

झालं असं, की मला घ्यायला शाळेत येता येता माझा भाऊ मिलिंद जरा जास्तच वेळेवर यायला लागला. जिग्ना आमच्या घरी सून म्हणून आली. आमचं घर जुन्या वळणाचं. आजोबा केशवराव संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खासगी कारभारात, आणि त्याचा ताठा नानांच्या मानेत. लग्नात नानांनी सुनेचं नाव बदलून जान्हवी केलं. मिलिंद, मी, शेजारीपाजारी, सगळे तिला जिग्नाच म्हणायचे. नाना तेवढे न चुकता "जान्हवी" अशी हाक मारायचे आणि ती दुसऱ्या हाकेला ओ द्यायची.

मुलगा झाला. रास मिथुन. नानांनी लगेच सांगून टाकलं, "केशव! पणजोबांचं नाव. अक्षरसुद्धा जुळतंय."

जिग्ना मान खाली घालून म्हणाली, "नाना, मला केविन ठेवायचंय."

मग काठी आपटली गेली, ते सुरुवातीला सांगितलंच.

जिग्ना मला आतल्या खोलीत म्हणाली, "ताई, माझं नाव बदललं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. हे एवढं एक नाव मला हवंय." बाहेर नाना मला म्हणाले, "मंजू, तू आत्या आहेस. तुझ्या तोंडून येईल तेच नाव. केविन म्हणालीस तर मी पेढ्याला हात लावणार नाही." आत्या होणं एवढं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

मी नानांना नावाचा अर्थ सांगितला. म्हणाले, "केशव काय वाईट घरात जन्मलाय?" मी त्यांना साधूची आणि पक्ष्याची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. नाना खो खो हसले. "पक्षी घरटं करणार, अंडं घालणार, पिल्लू उडणार, आणि हा तोवर हात पसरून? अगं, दहा मिनिटांत मुंग्या येतात हाताला! थापा आहेत सगळ्या!"

*

बारशाच्या दिवशी सकाळी जिग्नानेच माझा हात धरला. "ताई, केशवच म्हणा. घरात भांडण नको." आणि तोंड फिरवून बाळाचं दुपटं घडी करायला लागली. घडी घातलेलंच दुपटं होतं ते.

मी पाळण्यावर वाकले. बायकांनी पाठीत धपाधप धपाटे घातले आणि मी बाळाच्या कानात नाव सांगून मोठ्याने म्हटलं, "केशव!" नानांनी सगळ्यांत आधी पेढा तोंडात टाकला. जिग्ना पाहुण्यांकडे बघून हसत होती. तिचं ते हसू बघून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पानं वाढली गेली. श्रीखंड-पुरीचा बेत. आमच्या नानांचा नियम असा, की पान वाढलं की ते दुसऱ्या सेकंदाला पाटावर हजर. पुरी गार झालेली त्यांना चालत नाही, त्यावरून आई हयात असताना युद्धं झालीत. त्या दिवशी पान मांडलेलं आणि नानांचा पत्ता नाही. मिलिंदने हाक मारली. विमलबेन, रोझी जेवून उठल्या, तरी नाना नाहीत.

शेवटी मी आणि जिग्ना आतल्या खोलीत गेलो.

नाना पाळण्याशी स्टुलावर बसले होते, वाकडे होऊन. उजवा हात पाळण्याच्या गजांतून आत, पार खांद्यापर्यंत. बाळाने त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि तसंच झोपलं होतं. नानांची मान अवघडली होती, कपाळावर घाम होता. नाकावर माशी बसली होती, ती त्यांनी हाकलली नाही.

"नाना," मी म्हटलं, "हाताला मुंग्या आल्या असतील. काढा ना हात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरले.

जिग्ना पुढे झाली. "नाना, पुऱ्या केव्हाच गार झाल्या. चला, जेवून घ्या."

हात जराही न हलवता, ओठांतल्या ओठांत नाना म्हणाले, "हळू बोल, जिग्ना. केविन उठेल."