गालातली चिमूट

बाबांना दुसऱ्यांदा कॅन्सर झाला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

पहिला झाला तो दुष्काळात. बाबा बांधकाम खात्यात शिपाई होते. भोकरकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर त्यांना हजेरी घ्यायला बसवलं होतं. दिवसभर खडी फुटायची, धुरळा उडायचा आणि बाबा एका बिडीवर दुसरी पेटवायचे. आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी धुरळ्यालाच दोष दिला. त्यांनी पुकारलेली नावं कुणाला ऐकू येईनात, म्हणून त्याच कामावरचे धाकटे काका शेजारी उभं राहून ती ओरडून सांगायचे. असे कितीतरी महिने गेले. मग कळलं, घशात कॅन्सर आहे.

मोठ्या शहरात नेऊन विजेचा शेक दिला, डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणायचे. मानेची कातडी काळी पडली, तोंडाला थेंबभर ओल राहिली नाही. माय आंबील पाजायची. पण बाबा बरे झाले. शेवटच्या तपासणीला मी सोबत होते, तेव्हा नववीत होते. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "सुटलात तुम्ही. आता बिडी ओढू नका."

एवढंच. पुन्हा या, तोंड दाखवत जा, काही म्हणाले नाहीत. बाबांनी दवाखान्याच्या फाटकाबाहेर बिड्यांचं बंडल फेकलं आणि परत कधी बिडी ओठाला लावली नाही.

घरी आल्यावर काकांनी तंबाखूची चंची पुढं केली. "ह्यात धूर न्हाई, दादा. घशात जातच न्हाई, गालात ऱ्हाते. हिनं काय होतंय?"

बाबांना ते पटलं. आम्हालाही पटलं, हे कबूल करायला हवं. दुकानातून तंबाखूची पुडी मीच आणून द्यायचे.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, बाबांची बदली झाली. भाड्याच्या इमारतीत कचेरी. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. पण तंबाखू मळायला बाबा होते. साहेबापासून कारकुनापर्यंत सगळे हात पुढं करायचे, आणि मळणाऱ्याची चिमूट आधी त्याच्या गालात. संध्याकाळी त्यांच्यातलेच काहीजण बाबांना दारू प्यायला घेऊन जायचे. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे, "ह्या गड्यानं कॅन्सर पचवलाय!" त्या लोकांवर माझा आजही दात आहे.

मी तोवर अर्धापूरला शिक्षिका झाले होते. एका सुट्टीत लातूरला गेले. जेवताना बाबा वरणभात कालवून एकाच बाजूनं चावत होते. बिनतिखटाचं वरणही त्यांना झोंबत होतं.

"तोंड उघडा, बाबा."

दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. बॅटरी धरली. डाव्या गालात आत पांढरा चट्टा, त्याच्या मधोमध फोड.

"कधीपासून हाय हे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि सांगितलं न्हाई?"

"जुनंच परत आलं म्हणतील, म्हणून गप बसून राहिलो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"हा जुना परत आलेला नाही. हा वेगळा आहे, नवा."

मला कळेना. घशातला बरा झालेल्या माणसाला गालात नवा कसा होईल?

त्या म्हणाल्या, "तंबाखूनं तोंडापासून अन्ननळीपर्यंतचं सगळं अस्तर खराब केलेलं असतं. एका जागेचा बरा झाला म्हणजे बाकीचं अस्तर चांगलं झालं, असं नसतं. तंबाखू चालूच राहिली तर दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो. वर दारू असली तर धोका आणखी वाढतो." मग बाबांकडं वळून विचारलं, "तंबाखू कधी सोडली?"

"बिडी? घसा बरा झाला तवाच सोडली."

"मी तंबाखू विचारतेय."

बाबांनी पिवळी पडलेली बोटं मुठीत घेतली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर ओरडले. लोक थांबून बघत होते, तरी ओरडले. "एकदा मरता मरता वाचलात! काय म्हणून खात होतात?"

बाबा फुटक्या आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाई गं माय. बिडी सोड म्हणले, सोडली."

मग माझा राग वळला. घशात आरसा घालायला त्या डॉक्टरांना वेळ होता, आणखी दोन वाक्यं बोलायला नव्हता? पण मीही पुड्या आणल्या होत्याच. तिथं कुणावर ओरडू?

गाल कापला, जबड्याचा तुकडा काढला. त्यानंतर बाबा दीड वर्ष जगले. खाल्लेलं त्या बाजूनं ओघळायचं, म्हणून ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे. मायनं त्यांना कधी एकटं जेवू दिलं नाही. तीही ताट घेऊन तशीच भिंतीकडं तोंड करून बसायची.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली. माणसं मांडवात टेकली आणि काकांनी चंची काढली. चुना लावून मळली, थाप मारली, तळहात पुढं केला. चारपाच बोटं लगेच त्यावर आली.

मी उठले. काकांच्या तळहातावर फटका मारला, मांडीवरची चंची उचलली आणि मोरीत टाकली.

"पोरगी यडी झाली," कुणीतरी म्हणालं.

काका उभे राहिले. "चारचौघात चुलत्याच्या हातावर मारतीस?"

"हाव, मारते!" मी म्हणाले. "हाच हात पुढं केला होता तुम्ही, बाबा दवाखान्यातून सुटून आले तेव्हा."

मायनं मला आत ओढलं, पण रागावली नाही. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तंबाखू मात्र त्यांनी सोडली नाही.