लेकीच्या डोक्यावर हात ठेवून

सोपान औटी बेल्ह्याच्या पलीकडच्या वस्तीवर राहतो. घरची चार एकर जमीन धाकटा भाऊ बघतो आणि सोपान पिकअप चालवतो. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारातून जनावरं न्यायची, एरवी कांदा-टोमॅटो, उन्हाळ्यात कडबा. माणूस भित्रा नव्हे. पहाटे उसाच्या कडेला बिबट्या बसलेला दिसला, तरी काच वर करून, हॉर्न वाजवून पुढे जाणारा. पण एका गोष्टीचं भय त्याच्या पोटात दीड वर्ष होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सिगारेट सोडतो म्हणून त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. आणि चौथ्या दिवशी मोडली होती.

तसं सोडणं त्याला नवं नव्हतं. तेजस्विनी जन्मली तेव्हा त्याने भरलेलं पाकीट कालव्यात फेकलं होतं. तेव्हा नऊ दिवस निघाले. मग ओझरला विघ्नहराच्या पायरीवर पाकीट ठेवून आला. त्या खेपेला चाळीस दिवस तोंडाला सिगारेट लागली नाही. एकेचाळिसाव्या दिवशी गाडी पंक्चर झाली, मदतीला आलेल्या ड्रायव्हरने पाकीट पुढे केलं आणि सगळं पाण्यात गेलं. त्यानंतर ओझरकडचं भाडं आलं की सोपान काहीतरी निमित्त काढायचा. देवाला तोंड कसं दाखवायचं! पुढे लवंग चघळून झाली, बडीशेप झाली, एकदा तर सुटी एकेकच आणायची, पाकीट आणायचं नाही असंही ठरलं. तेव्हा त्याच्या टपरीच्या खेपा तेवढ्या वाढल्या.

आणि मग ती शपथ. तेजूच्या शाळेत तंबाखूवर काहीतरी कार्यक्रम झाला. पोरगी घरी आली आणि बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, माझी शप्पत घ्या."

"अगं, सोडतो ना. शप्पत कशाला?"

"तुमी दर वेळी असंच म्हणता. डोक्यावर हात ठेवा."

शीला, त्याची बायको, चुलीपुढून बघत होती. सोपानने हात ठेवला. तेल लावून चापून विंचरलेले ते केस, मधला तो सरळ भांग. शपथ घेतली खरी, पण स्वतःला तो पुरता ओळखून होता.

चौथ्या दिवशी आळेफाट्याला चहा पिताना त्याने एक पेटवली. त्या आठवड्यात तेजूला ताप आला. साधा सर्दीचा ताप, दोन दिवसांत उतरला. पण ते दोन दिवस सोपानच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढे ती सायकलवरून पडली, तिला कांजिण्या आल्या, एकदा शाळेची गाडी तासभर उशिरा आली. दर वेळी त्याच्या मनात एकच यायचं, हे माझ्यामुळंच. आणि जीव घाबरा झाला की हात कुठे जायचा? खिशाकडे. भ्यायचं म्हणून ओढायची आणि ओढली म्हणून भ्यायचं. घरी यायच्या आधी हाताला संत्र्याची साल चोळायची, तोंडात बडीशेप टाकायची. घरात सगळे समजून होते की सोपानची सिगारेट सुटली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. तेजूची चौथी झाली होती आणि तिला घोडेगावला आत्याकडे जायचं होतं. सोमवारी सोपानला बेल्ह्याहून घोडेगावच्या अलीकडच्या एका गावात कडबा पोचवायचा होता. गोठेवाले बाळासाहेब हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. सोपान म्हणाला, चल, तुलाबी सोडतो.

पिकअपवर केबिनच्या वर पुरुषभर उंच पेंढ्या रचलेल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या, वरून दोर आवळलेला. तेजू खिडकीशी बसून मंचरपर्यंत नुसती बडबडत होती. पुढे तिची मान कलली. सोपानने दोनदा वळून पाहिलं. पोरीचे डोळे मिटलेले होते. सकाळपासून त्याने एकही ओढली नव्हती. त्याने हळूच सीटखालचं पाकीट काढलं, एक पेटवली, काच खाली केली आणि धूर बाहेर सोडत घाईघाईने झुरके घेतले. अर्धी झाली असेल, तोच तेजूने कूस बदलली. सोपान दचकला. न विझवताच त्याने ती खिडकीतून भिरकावली आणि काच वर केली.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मागून एक मोटरसायकलवाला जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत बाजूला आला. जुन्नरचा शाहनवाज, शेळ्यांचा व्यापारी, बाजारातला ओळखीचा चेहरा. तो एका हाताने वर दाखवून ओरडत होता.

"सोपानभाऊ! गाडी थांबवा! आग लागलीय, आग!"

सोपानने आरशात पाहिलं. उजव्या अंगाने पिवळा जाळ वर चालला होता आणि मागे धुराचा नुसता लोट.

त्याने ब्रेक दाबला. तेजू पुढे आपटली. डाव्या बाजूचा दरवाजा आतून उघडत नसे, तो बाहेरूनच उघडावा लागे. सोपानला ते माहीत होतं, तरी तो तिच्या अंगावरून वाकून ते हँडल ओढत राहिला. डोकं चालेना. वरून पेटती काडं काचेसमोर पडू लागली. "पप्पा, पप्पा," एवढंच तेजू म्हणत होती. त्याला वाटलं, झालं. शपथ वसूल व्हायला आली. शाहनवाजने मोटरसायकल तशीच रस्त्यावर टाकली, धावत येऊन बाहेरून दरवाजा उघडला आणि पोरीला बगलेत धरून लांब नेलं.

सोपान खाली उतरला. समोर पाहतो तर दोन्ही बाजूंनी घरं, पत्र्याचे गोठे आणि दोनशे पावलांवर पेट्रोल पंप. लोक ओरडत धावत येत होते. तो पुन्हा गाडीत चढला. तेजूची किंकाळी त्याला ऐकू आली, पण त्याने वळून पाहिलं नाही. घरांच्या अलीकडे डावीकडे एक नांगरलेलं मोकळं रान होतं. गाडी त्याने त्यात घातली. ढेकळांवरून उसळत पन्नासेक पावलं गेला आणि कचकन ब्रेक मारला, पुन्हा पुढे, पुन्हा ब्रेक. दोर जळून तुटला होता. पेटत्या पेंढ्या मागे ढासळल्या. तिसऱ्या झटक्याला बराचसा भार खाली गेला आणि तो गाडी पुढे काढून बाहेर पडला. त्याची मान आणि एक कान भाजला होता. उरलेला कडबा लोकांनी बादल्यांनी विझवला.

"वायर घासली असंल वरची," कुणीतरी म्हणालं. "या रोडला तारा लई खाली हायेत." सगळ्यांनी माना हलवल्या. सोपाननेही हलवली.

तो बांधावर बसला होता. एका म्हाताऱ्याने कनवाळूपणे सिगारेट पुढे केली. "घ्या राव, जीव थाऱ्यावर यील."

आणि सोपानने ती घेतली. समोर कडबा धुमसत होता आणि तो शेवटपर्यंत ओढत राहिला. संपल्यावर मान वर केली, तर रस्त्याच्या कडेला शाहनवाजजवळ तेजू उभी होती. एका पायात चप्पल नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती.

सोपान पुढे सांगायचा, आगीचं भय वेगळं. ते अंगावर येतं आणि जातं. पण लेक जाता जाता वाचली आणि अर्ध्या तासात आपला हात पुन्हा त्याच गोष्टीकडे गेला, हे कळलं तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटली. असला माणूस काय काय करील याचा नेम नाही, असं त्याला वाटलं.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. दोन दिवसांत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. पेट्रोल पंप वाचवणारा बहाद्दर ड्रायव्हर! गावात मंदिराच्या सभामंडपात शाल-नारळ देऊन सत्कार झाला. सोपान मान खाली घालून उभा राहिला. लोकांना वाटलं, माणूस विनयी आहे. पहिल्या रांगेत तेजू बसली होती. टाळ्या वाजत असताना तिचे हात मांडीखाली होते.

घरी तिचं खाणं कमी झालं. बाहेर मोटरसायकल थांबली की ती आतल्या खोलीत जायची. शीलाला वाटलं, आगीची धास्ती घेतलीय. तिने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी सोपान ओट्यावर मानेला मलम लावत होता. तेजू जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली,

"पप्पा, मी नाय सांगितलं कुणाला."

"काय गं?"

"मी झोपले नव्हते. तुमी पेटती टाकली ना बाहेर, ती मी बघितली व्हती." तिने दाराकडे बघून घेतलं. "पोलीस आले तरी नाय सांगणार. तुमाला नेतील ना?"

सोपानच्या हातातली ट्यूब खाली पडली. इतके दिवस तो तिच्यासाठी भीत होता आणि ही एवढीशी पोर त्याच्यासाठी भीत होती. त्याच्या पोटातला दगड आता तिच्या पोटात जाऊन बसला होता. त्याने तिला जवळ ओढलं.

त्याच दुपारी त्याने शीलाला सगळं सांगितलं. आळेफाट्याची ती पहिली, संत्र्याच्या साली, सीटखालचं पाकीट, बांधावरची ती एक. शीला आधी रडली. मग तिचा आवाज चढला.

"शप्पत मोडली ते मोडली, पण लपवलंत का हो? पोरगी मेली असती आन् मी वायरीला शिव्या देत बसले असते!"



दुसऱ्या दिवशी तो बाळासाहेबांकडे गेला. जळत्या गाडीत चढताना वाटलं नव्हतं एवढं भय त्याला तिथे जाताना वाटलं. बाळासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू गोठ्याकडे गेली. चौदा गाई, वर पेंढ्यांचा माळा.

"माझ्या गोठ्यात कडबा उतरवतानाबी वढत व्हता का तू?"

"...कधी कधी. बाहेर. कोपऱ्यावर."

"जा सोपान. खरं बोललास, बरं केलंस. पण आता तुझी गाडी नको मला."

बारा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि सोपानने त्यांना दोषही दिला नाही.

शाहनवाजलाही त्याने सगळं सांगितलं; तो मात्र दोन दिवसांनी त्याला मोटरसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. शाहनवाजच्या वडिलांची बिडी तिथेच सुटली होती. मागून शीलाही आली. तिथल्या व्यसनमुक्तीच्या मॅडमनी दिवसाला किती, सकाळची पहिली कधी, आजवर किती वेळा सोडली असं सगळं विचारलं. उठायच्या वेळी सोपानने धीर केला.

"मॅडम, लेकीची शप्पत मोडली की... पोरीला काय व्हतं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पोरीला धुराने होतं. आगीने होतं. शपथेने नाही. आता शपथ घ्यायचीच नाही. चुकून ओढली, तर त्याच दिवशी घरी सांगायचं. लपवायचं नाही. एवढंच करा."

त्यांनी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. चावायची, मग गालात धरायची. पहिले पंधरा दिवस हाल झाले. तोंड सोललं, खोकला वाढला. एकदा गाडीसमोर आडव्या आलेल्या म्हशीवर तो इतका ओरडला की म्हशीवाली ठकूबाई म्हणाली, "आरं, अंगात आलंय का तुझ्या?" आळेफाट्याच्या टपरीवाल्याला त्याने स्वतः जाऊन सांगितलं, मी मागितली तरी देऊ नको. हे सांगतानाही नाकपुड्या फुलून धूर हुंगत होत्या, आणि त्याला त्या नाकपुड्यांचाही धसका बसला.

एकोणिसाव्या दिवशी नारायणगावला तो घसरला. बाजारात टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगेत चार तास उभा होता. शेजारच्याकडून घेऊन त्याने दोन झुरके मारले. तिसरा घेतला नाही. त्याने ती पायाखाली चिरडली, तिचा धूर थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला, आणि फोन लावला.

"शीला, मी वढली. दोन झुरके."

पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मग शीला म्हणाली, "बरं. घरी या. तेजूला तुमीच सांगा."

त्याने सांगितलं. तेजूने विचारलं, "विझवली का नीट?"

"विझवली."

"मग जेवा."

त्या दोन झुरक्यांनंतर आजपर्यंत त्याने ओढलेली नाही. येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. पण सुटली असं तो कुणाला म्हणत नाही. म्हणायला त्याची जीभ धजत नाही. तेजू आता सहावीत आहे. गाडीत कडबा असला की ती चढत नाही, आणि सोपान आग्रह करत नाही. संध्याकाळी तो घरी आला की ती दारातच त्याला थांबवते, शर्टाची बाही धरते, नाक लावते. आधी मनगटाशी, मग कॉलरशी. दिवसभरात काही केलेलं नाही हे सोपानला पक्कं ठाऊक असतं. तरी ती बाही सोडेपर्यंत तो श्वास रोखून उभा असतो.