ऐनाच्या खोडावरचं औषध

बोलण्याआधी ते बोटं हुंगायचे. समोर आणलेल्या हेल्याच्या कानामागे हात फिरवायचा, बोटं नाकाशी न्यायची आणि मग म्हणायचं, "पाहू ना, होऊन जाते."

आलापल्लीच्या ढोरांच्या दवाखान्याचे ते डॉक्टर. मी शेजारच्या लाकूड डेपोचं भांडार सांभाळायचो. लाकडं ओढणारे आमचे हेले त्यांच्याच हातून बरे होत. आपल्या कामावर असा निवांत विश्वास असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पंचावन्न-छप्पन्न सालचा उन्हाळा असेल. नाल्याकाठी एक बिबट भरदिवसा दिसू लागला. केस झडलेले, अंगभर खपल्या. खरूज. शिकार जमेना म्हणून तो गावातल्या बकऱ्या नेत होता. डेपोच्या साहेबांनी शिकाऱ्याला निरोप धाडला. डॉक्टरांना तो येण्याआधी बिबट बरा करायचा होता.

"पण त्याले धरता कसे?" मी विचारलं.

"धरतच नाई. तो ज्या झाडाले अंग घासते, त्या झाडाले औषध लावतो."

बकऱ्याच्या चरबीत गंधक खलून त्यांनी नाल्याजवळच्या ऐनाच्या खोडाला, बिबटाच्या खांद्याइतक्या उंचीवर, लेप दिला. माझ्या बाजाराच्या यादीत साबणाखाली गंधक आलं.

एका म्हातारीनं त्यांना रस्त्यात अडवलं. "काऊन डाक्टरभाऊ, बकरी त्यानं खाल्ली, अन् चरबीबी त्यालेच?"

"बाई, बरा झाला का हरणं धरते. मंग तुमच्या बकऱ्या वाचतीन."

लेपात केस चिकटलेले सापडले, त्या दिवशी त्यांना आनंद आवरेना. चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत सुटले, "रोज येऊन राह्यला! त्या ऐनापाशीच!"

शिकाऱ्यानं ऐनासमोरच मचाण बांधलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो बिबटाला बुटानं उलटवून पाहत होता. "हे कातडं काय कामाचं?" म्हणाला आणि तसाच टाकून गेला.

डॉक्टर खाली बसले. कानामागे हात फिरवला. "इथी पाहा."

खांद्यावर, खपल्यांच्या मधून, बारीक नवे केस उगवले होते.

मी खड्डा खणायला माणसं बोलावली. मला तेवढंच सुचलं.

पुढे त्यांची धानोऱ्याला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ते ऐनापाशी दिसले. विळ्यानं खोडावरचा लेप खरवडत होते, वासानं दुसरा कोणी बिबट तिथं येऊ नये म्हणून.

"राहू द्या डॉक्टर, पावसानं जाईल धुऊन."

"चरबी हाय," ते विळा न थांबवता म्हणाले. "पावसानं नाई जात."