पक्का रंग

फडके हे त्याचं आडनाव नाही. खांद्यावर कायम एक फडकं टाकलेलं असतं, म्हणून सासऱ्यांनी त्याला फडके म्हणायला सुरुवात केली. पुढे ते नाव इतकं पसरलं की नवीन गिऱ्हाइकं "फडकेसाहेब आहेत का?" असं विचारत येतात आणि तोही निमूटपणे "बोला" म्हणतो. शेजारणी बायकोला फडकेवहिनी म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पितळी पाटी त्यानं घासून घासून अशी लखलखीत केली आहे की अक्षरंच गेली आहेत.

त्याचा धंदा जुन्या गाड्यांचा. गाडी सुरू होते की नाही, हे तो विचारतही नाही. त्याला फक्त रंगाशी कर्तव्य. उन्हानं विटलेली, पांढुरकी पडलेली, हात लावला की पिठासारखी भुकटी लागणारी गाडी त्याच्याकडे येते. परत जाताना मालक बॉनेटमध्ये बघून भांग पाडतो. गाडी तपासायची त्याची तऱ्हा पाहून लोक आधी जरा बिचकतात. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी चढवायची, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा. उघड्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतल्या हाताला लागते, असं त्याचं म्हणणं. घरीही तो जेवायच्या टेबलावरून, कपाटाच्या दारावरून असाच हात फिरवत बसतो.

"माझ्याकडे कधी इतक्या लक्षानं बघितलं नाहीत," बायको एकदा म्हणाली.

"तुला पॉलिशची गरजच नाही," तो म्हणाला. जन्मात त्याला वेळेवर सुचलेलं हे एकमेव वाक्य, आणि त्यावर त्यानं आजवर बरंच निभावून नेलं आहे.

सासरेबुवांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची सगळी अक्कल, अब्रू आणि ऐट दोन शब्दांत मावायची : पक्का रंग. कोणी शंका काढली की ते खिशातला पांढरा रुमाल पाण्यात बुडवायचे, पिळायचे, कापडावर खसाखसा घासायचे आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. रुमाल पांढरा राहिला तर "पक्का!", नाहीतर तो तागा कच्चा म्हणून दुकानाबाहेर. पुढे दुकान विकलं, पण रुमाल काही सुटला नाही. मुलीनं हा जावई पसंत केला तेव्हा ते म्हणाले होते, "आम्ही जन्मभर कापड विकलं, आणि पोरीनं निवडलं काय, तर फडकं!" हा विनोद ते अजून करतात, आणि दर वेळी स्वतःच आधी हसतात.

दुकानाच्या भरभराटीच्या दिवसांत त्यांनी एक गाडी घेतली होती. रंग डाळिंबी. कापडाचा तुकडा खिशात घेऊन जाऊन, त्याच्याशी ताडून पाहून घेतलेली. घरामागच्या शेडमध्ये ती उभी असे, शेडची एक बाजू उघडी, आणि त्या बाजूनं वर्षानुवर्षं ऊन यायचं. शिवाय सासरे रोज सकाळी तिला कोरड्या कापडानं मनापासून पुसायचे. धुळीसकट कोरडं पुसणं म्हणजे रोज थोडा थोडा रंग खरवडणं. ते बघून फडक्याचा जीव कासावीस व्हायचा. त्यानं एकदा भीत भीत विचारलंही, "बाबा, एकदा हात फिरवू का?"

"का? काय धाड भरलीय तिला? पक्का रंग आहे."

रंग कधीच गुलाबी झाला होता, तोही आजारी गुलाबी. पण तोवर सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांना ती डाळिंबीच दिसायची. शेजाऱ्यांच्या गाड्या कशा विटल्या, हे मात्र ते रंगवून सांगायचे. मुलगी म्हणायची, "हो बाबा, कालच आणल्यासारखी आहे." म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? फडकेही मान डोलवायचा.

शेवटी एकदाचे ते डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले. ऑपरेशन झकास झालं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बायको आनंदानं डोळे पुसत होती, ती मधेच थांबली.

"अहो, बाबांना आता दिसणार."

"मग? चांगलंच आहे की."

"गाडीसुद्धा दिसणार!"

फडके उभा होता, तो खाली बसला.

गाडी विटली एवढंच दुःख असतं तर सासऱ्यांनी ते पचवलं असतं. पण पोटची पोर आणि जावई इतकी वर्षं आपल्याला खेळवत होते, हे त्यांना कळणार होतं. बायकोला तीच भीती होती. सासऱ्यांना काळा चष्मा लावून, डोळा जपायला म्हणून मुलीकडे ठेवून घेतलं, आणि फडके रोज सकाळी डबा घेऊन त्यांच्याच शेडकडे जाऊ लागला.

"कुणाची गाडी एवढी?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहेत एक म्हातारे. फार हट्टी."

"अशा माणसाचं काम घ्यावंच कशाला?"

"नात्यातले आहेत," फडके म्हणाला. बायकोला स्वयंपाकघरात जोराचा ठसका लागला.

त्यानं गाडी धुतली, मऊ मातीच्या गोळ्यानं पत्र्यात रुतलेली घाण उचलली आणि तेलकट मलम चोळून ते मुरू दिलं. मग पहिलं फडकं फिरवलं, तर ते लालभडक. बायको तेवढ्यात बघायला आली होती. ती किंचाळलीच.

"अहो, रंग निघतोय!"

"मेलेला निघतोय. जिवंत खाली आहे."

"आणि खाली किती आहे?"

त्यालाही तेच माहीत नव्हतं. जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, त्यामुळे प्रत्येक हाताबरोबर थोडा रंग जाणारच. एक हात जास्त झाला की खालचं राखाडी अस्तर उघडं पडतं, मग सगळं संपलं. आणि "अजून एक हात" हीच तर फडक्याची खोड. पाटीची अक्षरं तशीच गेली होती. त्यानं पॉलिशचं मशीन बाजूला ठेवलं आणि सगळं हातानं करायला घेतलं. गाडी हळूहळू डाळिंबी होत आली, पण बॉनेटच्या कडेला एक धुरकट रेघ राहिली. फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्याला खरोखर भीती वाटत होती. शेवटी तो म्हणाला, "पुरे."

बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग उरलेला रंग आत बंद राहावा म्हणून त्यानं गाडीवर मेणाचा हात दिला.

काळा चष्मा निघाल्यावर सासऱ्यांनी घरभर उच्छाद मांडला. कोपऱ्यातलं जळमट सापडलं. "हा पडदा कच्चा निघाला." "फडके, तुमचे केस कधी पिकले?" आणि दुसऱ्या दिवशी, "मला घरी सोडा, गाडी बघायची आहे."

त्यांना घरी सोडायच्या दिवशी फडके पहाटेच शेडमध्ये पोचला, आणि मागच्या दिव्याखाली तळहाताएवढा भाग राहून गेलेला त्याला दिसला. घाईघाईनं तो भाग घासला, त्यावर मेण चढवलं, आणि सासऱ्यांना आणि बायकोला घेऊन आलेली टॅक्सी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला. खांद्यावरच्या फडक्याला हात पुसून तो सरळ उभा राहिला.

सासरे शेडच्या तोंडाशी थबकले. मग गाडीला एक पूर्ण फेरी घातली. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, बादलीत बुडवला, पिळला. बायकोनं नवऱ्याची बाही घट्ट धरली. सासऱ्यांनी बॉनेटवर रुमाल खसाखसा घासला आणि उजेडात धरला.

रुमाल पांढराशुभ्र होता.

"पक्का!" सासरे म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

बायकोनं सुटकेचा श्वास सोडला. फडकेही हसला, पण आतून त्याला वाईट वाटलं. जन्मातलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते आपण केलंच नाही असं तोंड करून उभं राहायचं! तो बादली उचलायला वाकला.

"थांबा. हात बघू."

"तेलकट आहेत, बाबा."

"बघू म्हटलं ना."

सासऱ्यांनी त्याचा अंगठा धरला. रुमालाचा कोरा कोपरा नखाच्या कडेनं नीट घासला, उजेडात धरला आणि नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहत राहिले. आयुष्यभर रंग ओळखण्यात गेलेला माणूस.

"डाळिंबी," ते हळूच म्हणाले. रुमालाची घडी केली, डाग आत घेतला आणि रुमाल वरच्या खिशात ठेवला. अंगठा अजून त्यांच्याच हातात होता.

"जावईबापू," लग्नापासून पहिल्यांदाच ते फडके म्हणाले नाहीत, "गाडी पक्की आहे. कच्चे तुम्ही निघालात."